मालतीकाकूंच्या नावाचा शंख

दिवाळीत चकल्या पाडायला बसलं की मालतीकाकू स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेत. दार उघडं राहिलं तर शंखसर आत येत, सोऱ्याशेजारी उभे राहत आणि चकली उजवीकडे वळते आहे की डावीकडे ते बघत बसत. तळून झालेली चकली दाखवून उपयोग नसे. "ती सपाट असते," ते म्हणत, "उलटी केली की उजवीची डावी होते. पडतानाच बघायला हवी." काकूंचा हात कायम उजवा. एका वर्षी त्यांची जाऊ मदतीला बसली आणि तिने अर्धा घाणा डावा पाडला. सरांनी त्या चकल्या वेगळ्या डब्यात भरायला लावल्या आणि आल्यागेल्यापुढे तो डबा धरताना सांगितलं, "या डाव्या आहेत. चवीत फरक नाही." पुढच्या वर्षी जावेने घरूनच शेव करून पाठवली.

सर आगाशीकडचे, वाडीवाले. घराभोवती केळी आणि मोगरा, मागे विहीर, विहिरीवर सोनचाफा. वाडी बघत काकू, आणि सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. त्यातही त्यांचा जीव एकाच गोष्टीत होता: कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहून गेलेल्या गोगलगायी. शंखात राहणारा प्राणी म्हणजे समुद्रातली गोगलगायच, हे मला त्यांच्याकडे जायला लागल्यावर कळलं. पोरांनी त्यांचं नाव शंखसर ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. गंमत अशी की आपल्या वसईत जमिनीखाली सगळा काळा दगड, एकेकाळच्या लाव्हाचा. त्यात शंख सापडायचा तर कुठून? माणसाने आयुष्यभर ज्याचा ध्यास घ्यावा ते त्याच्या दारात औषधालाही नसावं, याचं मला वाईट वाटायचं. सरांना वाटत नसे. "दारात असतं तर काकूंनी केराबरोबर टाकलं असतं," ते म्हणत.

मी विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहते आणि तिथल्याच एका शाळेत चित्रकला शिकवत होते. मूळची साताऱ्याकडची, समुद्राशी संबंध लग्नानंतर आला. शाळेच्या प्रदर्शनात मी स्वागताच्या फळ्यावर एक मोठा शंख रंगवला होता. पाहुणे येत, वा वा म्हणत आणि पुढे जात. एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ मात्र फळ्यासमोर उभेच राहिले. मला वाटलं, अखेर एक रसिक भेटला.

"बाई, हा शंख तुम्ही पाहून काढलात की आठवून?"

"आठवून," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"म्हणून डावा झाला." त्यांनी बोटाने हवेत वेढा काढून दाखवला. "टोक वर धरायचं, तोंड आपल्याकडे. तोंड उजव्या हाताला आलं तर शंख उजवा. जवळजवळ सगळे उजवेच असतात. तुमचा लाखात एखादा आहे. माझ्याकडे या, पाहून काढायला देतो."

मला राग आला. प्रदर्शनाच्या दिवशी, मुख्याध्यापिकांच्या देखत! पण घरी येऊन देव्हाऱ्यातला शंख हातात घेतला आणि रागाचं काही करता येईना. पुढच्या रविवारी मी रिक्षा करून आगाशीला गेले. नंतर कित्येक वर्षं जात राहिले.

शास्त्रज्ञाला चित्रकार कशाला लागतो, असं मला वाटायचं. फोटो काढला की झालं. सर म्हणाले, फोटोत उजेड दिसतो, शंख दिसत नाही. त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला एक आरसा जोडलेला होता. त्यातून बघितलं की शंख आणि कागदावरचं आपल्या पेन्सिलीचं टोक एकाच वेळी दिसायचं. मग शंखाच्या कडेवरून पेन्सिल फिरवायची, एकेक वेढा, त्यावरचा एकेक कंगोरा. उजेड कायम डावीकडून, वरून आलेला दाखवायचा. खिडकी कुठेही असली तरी. ती जगभरची रीत. आणि सरांचं एकच वाक्य, जे मी नंतर शाळेत पोरांना इतकं ऐकवलं की पोरं माझ्या मागे माझी नक्कल करायला लागली: "दिसतं ते काढा. माहीत आहे ते काढू नका." एकदा एका शंखाची कड जरा फुटलेली होती. मी ती सफाईदारपणे पूर्ण करून टाकली. सरांनी चित्र बघितलं, शंख बघितला आणि रबर माझ्यापुढे सरकवलं. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

खोटं त्यांना बोलताच येत नसे. समोरच्याचं मन राखण्यापुरतंही नाही. आमच्या सोसायटीच्या चेअरमननी कुठूनसा दक्षिणावर्ती शंख आणला होता. मी नको तिथे तोंड उघडलं, की ओळखीचे एक सर आहेत, ते बघून सांगतील. चेअरमन कोरं रेशमी फडकं गुंडाळून शंख घेऊन माझ्याबरोबर आगाशीला आले.

"सर, ओरिजिनल आहे ना? एकदम रेअर आहे, म्हणाला तो माणूस."

सरांनी शंख फिरवून पाहिला. "पूजेतला दक्षिणावर्ती म्हणजे आमच्या हिशेबाने डावा. हा डावा आहे, खरंच डावा. पण आपला शंख नव्हे हा. अमेरिकेच्या किनाऱ्यावरची ही वेगळीच गोगलगाय. ती डावीच असते. तिच्यात ती रोजची गोष्ट आहे."

"म्हणजे डुप्लिकेट निघाला?"

"छे, छे. ती स्वतः अगदी अस्सल आहे. तुम्ही पूजा करा, तिला काही वाईट वाटायचं नाही."

चेअरमन फडकं गुंडाळून निघाले ते मला मागे ठेवून एकटेच रिक्षात बसले. त्या उन्हाळ्यात आमच्या मजल्याला टँकरचं पाणी सगळ्यांत शेवटी मिळालं, त्याचा याच्याशी संबंध असावा असा माझा आजही संशय आहे.

अर्नाळ्याच्या बाजारात सर दिसले की कोळणी हसायला लागत. सर मासळीपेक्षा टोपलीच्या तळाशी राहिलेल्या शिंपल्या आणि बारके शंख उचलून निरखत. "मास्तर, म्हावरा घेनार का नुसतं उलटंपालटं करनार?" एकीने विचारलं, तर सर म्हणाले, "आधी उलटंपालटं करतो." काकूंनी मासळी आणायचं काम त्यांच्याकडून कधीच काढून घेतलं होतं. ते अर्ध्या वाटेत थांबत आणि बोंबील कोमेजून घरी येत.

आता त्या शंखाचं सांगते. कॉलेजची पोरं घेऊन सर थंडीत कच्छला जात. तिथे एका कोरड्या ओढ्याच्या काठाला शंखांचे थर आहेत. दोनेक कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. मळसूत्रासारखे उंच, निमुळते शंख तिथे ढिगाने मिळतात, पण बहुतेकांचं टोक मोडलेलं असतं. टोकाला महत्त्व आहे, कारण शंख टोकापासून वाढत जातो. प्राणी जन्मतो तेव्हाचं त्याचं घर म्हणजे ते टोक. पुढे तो वाढेल तसा वेढ्याखाली वेढा येत जातो, पण लहानपणचा भाग वर तसाच राहतो. मोडला नाही तर. सरांना तिथे एक चिमुकला शंख मिळाला, करंगळीच्या नखाएवढा, टोकापर्यंत शाबूत. त्याच्या वेढ्यांवर एकच कंगोरा आणि त्यावर बारीक मणी ओवल्यासारखी रांग. तिथल्या ज्ञात शंखांत असे मणी कोणालाच नव्हते. मोठ्यांच्या अंगावर सगळे गुळगुळीत कंगोरे.

मग सरांची परीक्षा सुरू झाली. नवी जात म्हणायची तर आधी जुन्या सगळ्या जातींशी ताडून बघावी लागते. वेढे मोजायचे, टोकाचा कोन मापायचा, परदेशातल्या संग्रहालयांना विचारायचं, दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबांनी लिहिलेली वर्णनं वाचायची. सर घाई करणारे नव्हते. केळीचा घड काकू उतरवतील तेव्हा उतरेल, तसं त्यांचं चाले. त्यात काही वर्षं गेली. तो मण्यांचा शंख मी काढला, समोरून, मागून आणि टोक मोठं करून. शेवटी सरांचा निष्कर्ष झाला: जात नवी आहे.

नव्या जातीला शोधणारा स्वतःचं नाव देत नाही, तशी रीत नाही. सरांनी काकूंचं दिलं. मालती या नावाला लॅटिनचं शेपूट लावून. निबंध छापून आला तेव्हा त्यांनी तो ताटाशेजारी ठेवला आणि भाजीत मीठ कमी आहे, असं सांगितलं. काकूंनी उघडून बघितला. इंग्रजी अक्षरांत आपलं नाव वाचलं, माझं चित्र बघितलं.

"फुलाला द्यायचं होतं. निदान पाखराला. मला मिळाली ती गोगलगाय, आणि तीही मेलेली!"

"नामशेष," सर म्हणाले. "मेलेली वेगळी, नामशेष वेगळी."

पण काकू खूश होत्या. मूळ नमुना घरी ठेवता येत नाही, संग्रहालयात द्यावा लागतो, म्हणजे पुढे कोणालाही येऊन पडताळता येतो. सर तो घेऊन निघाले तेव्हा काकूंनी आपला कुंकवाचा चांदीचा करंडा धुऊन-पुसून दिला, त्यात कापूस घालून शंख ठेवला. रिकामा करंडा परत आला तो पुन्हा कुंकवाला लागला. त्यानंतरच्या हळदीकुंकवाला मी हजर होते. बायकांनी आग्रह केला तेव्हा काकूंनी नवा उखाणा घेतला:

"दोन कोटी वर्षांचा शंख कच्छच्या रणात,
वसंतरावांनी नाव दिलं माझं, नव्हतं माझ्या मनात."

बायकांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला, "रणात नाही. ओढ्याच्या काठी." काकूंनी कपाळावर हात मारला. पण त्या दिवशी हळदीकुंकवाच्या घाईत त्यांचा चेहरा जसा फुलला होता, तसा मी नंतर फार वेळा पाहिला नाही. आगाशीपासून बोळींजपर्यंत पाहुण्यारावळ्यांत त्या शंखाच्या मालतीकाकू झाल्या.

पुष्कळ वर्षं गेली. सर निवृत्त झाले, मीही झाले. वाडीच्या कुंपणापलीकडे टॉवर उभे राहिले, विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलं. माझे रविवार तसेच होते. एका रविवारी सरांनी टेबलावर एक नवा शंख ठेवला. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भुजला शिकवते, तिने पाठवलेला. मोठा, बोटभर लांब, आणि टोकापर्यंत अभंग. इतकी वर्षं मी त्या ओढ्याकडचे शंख काढत होते, पण असा मोठा आणि पूर्ण कधी पाहिला नव्हता.

"याचं टोक काढा," सर म्हणाले. "मी काही सांगत नाही. दिसतं ते काढा."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पहिला वेढा काढला, दुसरा काढला. तिसऱ्याला कंगोरा आला. एकच कंगोरा, त्यावर मणी. माझी पेन्सिल जरा जास्तच भराभर चालली होती. हात थांबून विचारत नव्हता, की आता किती वळायचं, मणी किती अंतरावर. त्याला ठाऊक होतं. हे मी आधी काढलेलं होतं. मी खाली बघत गेले. पुढच्या वेढ्यांवर मणी पुसट होत होते, दुसरा कंगोरा डोकं वर काढत होता, मग तिसरा, आणि तळाशी तोच तो साहेबाने केव्हाच नाव देऊन ठेवलेला गुळगुळीत मोठा शंख. मी मान वर केली. सर खिडकीबाहेर मोगऱ्याकडे बघत होते.

"सर, हा आपलाच आहे."

"हो ना?" ते म्हणाले. "मला वाटलं, म्हातारपणी मला भलतंच दिसतंय. म्हणून तुमच्या हाताला विचारलं."

म्हणजे काकूंच्या नावाची जात अशी नव्हतीच. मोठ्यांची टोकं मोडलेली, म्हणून त्यांचं लहानपण कोणी पाहिलेलं नव्हतं. सरांना सापडलेला चिमुकला शंख हे त्यांचंच पोर होतं. या चुकीचा बोभाटा व्हायचा प्रश्नच नव्हता. जगात हे शंख ओळखणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतलं कोणीही त्या ओढ्याकडे फिरकणार नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं. चांगली भांडले त्यांच्याशी. म्हटलं, सर, एक शंख आहे तुमच्या आयुष्यात, आणि तो काकूंचा आहे. राहू द्या ना. कोणाचं काय बिघडतंय?

"पुढे कधीतरी कोणी पोरगी हे दोन्ही समोर घेऊन डोकं धरून बसेल," सर म्हणाले. "तिची वर्षं माझ्यामुळे फुकट जातील. आणि मला आता माहीत आहे ना, बाई. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी."

छापायचं तर त्यांनी लगेच ठरवून टाकलं. अडलं होतं ते काकूंना सांगायचं. उखाणा चालू असताना मध्ये बोलणारा हा माणूस, त्याला आपल्या बायकोपुढे तोंड उघडता येईना. भुजहून आणखी शंख आले, त्यांची टोकं मी काढली, शंकेला जागा उरली नाही. सांगायचं सोडून सर वाडीत जाऊन मोगरा तोडायला लागले, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. शेवटी काकूंचाच मला फोन आला. "तू ये. हे काहीतरी लपवताहेत. डॉक्टर तुझ्याशी काही बोललेत का?"

मी गेले तेव्हा काकू मागच्या पडवीत बसून बाजारासाठी मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या आणि सर त्यांच्यासमोर बसून निवडलेल्या कळ्या पुन्हा निवडत होते.

"अहो, ही आली आहे, आता तिच्यासमोर काय ते सांगून टाका. रिपोर्ट वाईट आलाय का?"

"कसला रिपोर्ट?"

"मला काय विचारता! एवढ्या दिवसांत तुम्ही माझी एक चूक काढली नाहीत. परवा मी मुद्दाम तुमच्यासमोर भावजींना म्हटलं, माझा शंख वसईच्या किल्ल्यात सापडला. तुम्ही गप्प! तेव्हाच मी हिला फोन लावला."

सर उठून आत गेले आणि माझी दोन चित्रं घेऊन आले, एक जुनं, एक नवं. ती त्यांनी कळ्यांशेजारी ठेवली. मग शिकवताना बोलत तसे बोलायला लागले. हे टोक, हे मणी, हा मोठा शंख, याचं नाव आधीचं, आणि ज्याचं आधीचं त्याचंच राहतं. "तेव्हा तो शंख वेगळा नाही, मालती. चूक माझी आहे. मला ते छापून सांगावं लागेल. तुझं नाव मग..." पुढचं सोडून ते चित्रांच्या कडा जुळवायला लागले.

काकूंनी दोन्ही चित्रं हातात घेतली. "एवढंच ना?"

"एवढंच कसं?"

"मला वाटलं, कॅन्सर आहे." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि नवं चित्र जवळ धरून पाहिलं. "आणि मी मेली इतकी वर्षं समजत होते की मी एवढीशीच. मोठी झाले होते की मी!"

"नाही, तसं नव्हे," सर पटकन म्हणाले. "तुझं नाव दिलं तो शंख लहानपणीच मेला होता. मोठा झालेला हा दुसरा."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस? आजच्या दिवस तरी!" आणि त्या इतक्या हसल्या की मांडीवरच्या कळ्या सांडल्या. सरही हसले, कळ्या वेचायला लागले. त्यांचा महिनाभराचा आवळलेला चेहरा तेव्हा कुठे सुटला.

मी चहा करायला आत गेले, तर काकू मागोमाग आल्या. आता हसत नव्हत्या. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "नावाचं काही नव्हतं गं मला. पण बघ, साडी घ्यायची तरी मीच घ्यायची, हे पिशवी धरणार. यांनी स्वतःहून, न सांगता दिलेलं तेवढं एकच होतं."

"मी पुन्हा बोलू का त्यांच्याशी? तुमचं ऐकतील ते. तुम्ही म्हणालात तर थांबतील."

"थांबतील," काकू म्हणाल्या. "म्हणून तर म्हणायचं नाही. थांबले तर मग मी कोणाबरोबर राहू?" चहा त्यांनीच गाळला. कप उचलता उचलता म्हणाल्या, "तू मात्र चित्र चांगलं काढ हो. माझी शेवटची छबी आहे ती."

मी इतकं मन लावून दुसरं कुठलंच चित्र काढलं नसेल. दोन पानांचं टिपण छापून आलं. त्यात सरांनी सरळ लिहिलं होतं, की ही जात वेगळी मानण्यात प्रस्तुत लेखकाची चूक झाली. शेजारी दोन शंख, उजेड डावीकडून, वरून. टिपण हातात घेऊन सरांनी काकूंना समजावून सांगितलं, की असं एकदा छापलेलं नाव पुसत नाहीत. खऱ्या नावाच्या खाली ते लिहून ठेवतात, कोणी दिलं, कुठे दिलं, सगळं. पुढे कोणीही त्या शंखाबद्दल लिहिलं तरी ती खालची ओळ लिहावी लागते. काकू म्हणाल्या, "मग यात नवीन काय? लग्नात माझं माहेरचं नाव असंच खाली गेलं होतं." सर चष्मा पुसत बसले.

सर गेले ते गेल्या वर्षी, आंबे संपता संपता. फार झोपून राहिले नाहीत. दवाखान्यात त्यांना भेटायला गेले तेव्हा सलाइनची नळी कुठल्या बाजूला गुंडाळली आहे ते बघत होते. मला म्हणाले, "डावी आहे. नर्सबाई डावखुऱ्या असणार." मी बाहेर येऊन विचारलं, तर खरंच होत्या. परत आत जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी समाधानाने डोळे मिटले. आमचं शेवटचं बोलणं तेच. अजूनही जिना चढताना तो कुठल्या बाजूने वळतो ते मी बघते.

शोकसभा आगाशीत झाली. नाक्यावर मोठा फ्लेक्स लागला होता: सरांचा कॉलेजातला फोटो, खाली 'नव्या शंखप्रजातीचे जनक' आणि कोपऱ्यात कुठून तरी उचललेलं शंखाचं चित्र. हॉलमध्ये व्यासपीठामागेही तोच. त्यांचे विद्यार्थी, वाडीवाले, आमच्याकडचे चेअरमनसुद्धा आले होते. भाषणं होत होती. जो उठेल तो म्हणत होता, सरांनी जगाला नवा शंख दिला, आपल्या पत्नीचं नाव अमर केलं. मी काकूंच्या शेजारी बसले होते. म्हटलं, बोलू देत. आज चार माणसांसमोर ते नाव पुन्हा वर आलं तर येऊ दे. काकूंच्या वाट्याला तेवढं तरी येऊ दे.

शेवटी सूत्रसंचालकांनी, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या, असं सांगितलं. त्याआधीच काकू उठल्या. त्या आयुष्यात माइकपुढे गेल्या नव्हत्या. आताही गेल्या नाहीत. जागेवरूनच बोलल्या, पण मागेपर्यंत ऐकू गेलं.

"तुम्ही सगळे चांगलं बोललात. पण तो शंख नवा नव्हता. आधीच माहीत असलेल्या शंखाचं ते पोर होतं. यांची चूक झाली होती, आणि यांनी स्वतः ती छापून आणली होती. तेवढं नीट सांगा लोकांना." मग त्यांनी फ्लेक्सकडे बोट केलं. "आणि तो तिथला शंख डावा आहे."

मी मान वर करून पाहिलं. डावा होता. काकू खाली बसल्या. मी त्यांचा हात धरला. माझ्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "नाहीतर घरी गेल्यावर हे मला बोलले असते गं."